पाण्याआधीची पाहणी

आपल्याकडे गावातली जुनी माणसे जमिनीचे दोन रंग सांगतात. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, आणि पांढरी म्हणजे गाव वसले ती जागा. पिढ्यानपिढ्या भिंतींची माती, चुलीची राख, शेण, हाडे, फुटकी मडकी एकावर एक पडत जातात आणि जमिनीला राखेचा रंग येतो. गाव उठून गेले तरी पांढरीचे टेकाड मागे राहते. गोदावरी, प्रवरा, भीमा, घोड या नद्यांच्या काठाने चालत गेलात तर अशी टेकाडे दिसतील. शेतकरी तिथली माती गाड्या भरभरून नेत आले आहेत; कोणी धाब्यावर टाकायला, कोणी शेतात खत म्हणून. त्या मातीबरोबर दोन-तीन हजार वर्षांपूर्वीची खापरेही शेतात पसरतात आणि कुळवाला लागतात.

श्रोतेहो, मी कवितेचा माणूस. बी.ए.ला इतिहास होता, एवढीच माझी पुरातत्त्वातली मिरास. पण नदीकाठच्या जमिनीवर भिंत, बांध किंवा धरण येणार असे ठरले की त्याआधी कोणीतरी ती जमीन पायी फिरून पाहावी लागते, या एका गोष्टीने मला बरीच वर्षे धरून ठेवले आहे. आज तिच्याविषयीच बोलतो.

ही पाहणी का करावी लागते? गाळाच्या प्रदेशातली नदी पुरात काठाबाहेर पडते, तेव्हा तिच्यातली जड वाळू लगेच काठावरच बसते आणि बारीक गाळ पुढे दूर जातो. अशा शेकडो पुरांनंतर काठ मागच्या जमिनीपेक्षा उंच होतो. म्हणजे नदी स्वतःच स्वतःला बांध घालते. माणूस तिथे आला की घर कुठे बांधणार? त्या उंच काठावरच. पाणी जवळ, आणि पूर आला तरी चूल कोरडी. आणि हजारो वर्षांनी पुरासाठी बांध घालायला इंजिनिअर येतो तेव्हा त्यालाही तोच उंच काठ सोयीचा वाटतो. आपल्या दख्खनच्या नद्या खोल पात्रातून वाहतात, इथे काठाची उंची वेगळ्या कारणाने असते. पण निवड तीच. इनामगावचे उदाहरण घ्या. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी हे ताम्रपाषाणयुगीन गाव. डेक्कन कॉलेजच्या म. के. ढवळीकर, ह. धी. सांकलिया आणि झै. दा. अन्सारी यांनी १९६८पासून तिथे वर्षानुवर्षे उत्खनन केले. शंभराहून अधिक घरे सापडली, घरांच्या जमिनीखाली पुरलेली लहान मुलांची रांजण-दफने सापडली, आणि गावाच्या कडेला दगड-मातीचा एक लांबलचक बांध व त्याला लागून पाण्याचा कालवा सापडला. हा बांध तीन हजार वर्षांपूर्वीचा. पुराशी झगडण्याची ही खटपट आपल्याकडे इतकी जुनी आहे.

आता बांध घालायचा तर माती लागते, आणि कंत्राटदाराला ती जवळचीच हवी असते. जवळची उंच, भुसभुशीत माती म्हणजे पुन्हा पांढरच. म्हणजे धोका दुहेरी. बांध टेकाडावरून जाऊ शकतो, किंवा टेकाडच उचलून बांधात जाऊ शकते. अमेरिकेत मिसिसिपीच्या मुखाकडे, लुइझियाना राज्यात, आदिवासींच्या जुन्या वस्त्यांची शिंपल्यांची टेकाडे होती. त्यातली कित्येक रस्त्याच्या भरावासाठी खणून नेली गेली. पुढे तिथे १९६६मध्ये कायदा झाला, आणि केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना लागणाऱ्या कामाआधी जुन्या अवशेषांचा विचार करणे बंधनकारक झाले. त्यामुळे पूरबांधाची आखणी झाली की पुरातत्त्वाची माणसे त्या रेषेवरून चालत निघतात. ठराविक अंतरावर, बहुतेकदा तीस-तीस मीटरवर, फावड्याने हातभर रुंदीचा खड्डा घ्यायचा, माती चाळणीतून चाळायची, चाळणीत काय राहिले ते लिहायचे, खड्डा बुजवायचा आणि पुढे जायचे. बहुतेक खड्ड्यांत काही निघत नाही. 'काही नाही' हेही लिहायचे असते. ज्या जागेतून माती उचलायची ती जागाही अशीच तपासायची. कंटाळवाणे काम आहे. मला मात्र त्या 'काही नाही'चा फार आदर वाटतो. बघितल्याशिवाय ते कोणाला लिहिता येत नाही.

या प्रकारची पहिली मोठी पाहणी झाली ती इजिप्तच्या दक्षिणेला, न्युबियात. नाईलवरचे आस्वानचे पहिले धरण १९०२मध्ये पुरे झाले आणि पाचच वर्षांत त्याची उंची वाढवायचे ठरले. पाणी मैलोन्मैल मागे सरकणार होते. १९०७मध्ये जॉर्ज राइस्नर या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाकडे बुडणाऱ्या काठाची पाहणी सोपवली गेली. त्याने मोठी देवळे मागे ठेवून कबरस्ताने पुढे घेतली. दोन्ही काठांवरची दफने एकामागून एक उघडायची, नकाशावर मांडायची, हाडे वैद्यकाच्या जाणकारांकडे द्यायची, असा शिरस्ता घातला. लेखी इतिहासात ज्यांना नाव नव्हते अशा लोकांना त्याने ए, बी, सी अशी अक्षरे दिली. त्यातला 'बी' गट पुढच्या अभ्यासकांनी मोडीत काढला. पण 'ए' आणि 'सी' गट आजही त्याच नावाने ओळखले जातात. हजारो वर्षे नाईलच्या काठी नांदलेला माणूस पाणी येण्याच्या धाकामुळे माहीत झाला, हे विचित्र खरेच.

आपल्याकडचे मोठे उदाहरण कृष्णेवरचे आहे आणि ते मला जवळचे वाटते. नागार्जुनकोंडा. नल्लमलाच्या डोंगररांगांनी तीन बाजूंनी वेढलेली आणि चौथ्या बाजूला कृष्णा असलेली ही दरी, तेव्हाच्या गुंटूर जिल्ह्यातली. १९२६मध्ये तिथल्या एका शाळामास्तरांना जुना खांब दिसला. त्यांनी कळवले, आणि मद्रासच्या शिलालेख विभागाचे तेलुगू सहाय्यक ए. आर. सरस्वती पाहायला गेले. पुढे १९२७ ते १९३१ लाँगहर्स्ट यांनी आणि १९३८ ते १९४० टी. एन. रामचंद्रन यांनी उत्खनन केले. सातवाहनांनंतर तिसऱ्या-चौथ्या शतकात राज्य करणाऱ्या इक्ष्वाकू राजांची राजधानी विजयपुरी ती हीच. नागार्जुन हा बौद्ध आचार्य तिथे राहत होता अशी परंपरा सांगते. इक्ष्वाकूंच्या शिलालेखांत मात्र त्याला आधार नाही.

१९५०च्या दशकात तिथे धरण बांधायचे ठरले. पंडित नेहरूंनी १० डिसेंबर १९५५ला पायाभरणी केली. त्याआधीच, १९५४पासून, पुरातत्त्व खात्याने आर. सुब्रह्मण्यम यांच्या हाताखाली सगळी दरी पुन्हा हातात घेतली. खरे कोडे इथे होते. एखादे उत्खनन असते तेव्हा आपण आपल्याला हवी ती जागा निवडतो, उरलेली पुढच्या पिढीसाठी ठेवतो. इथे पुढची पिढी नव्हती. सहा वर्षांत जे निघेल ते निघेल, बाकीच्यावर कायमचे पाणी.

सहा वर्षांत काय निघाले ते ऐका. दगडी हत्यारांपासून मध्ययुगापर्यंतचा सगळा पट एकाच दरीत मिळाला. नवाश्मयुगीन माणसांची दफने, महापाषाणांची वर्तुळे, नंतर इक्ष्वाकूंचे शहर. तीसहून अधिक बौद्ध विहार-स्तूप. कृष्णेच्या काठी घाट. कार्तिकेयाचे देऊळ, हारितीचे देऊळ, पुष्पभद्रस्वामी नावाच्या शिवाचे देऊळ. जेमतेम सोळा-सतरा मीटर लांबीचा एक चौकोनी आखाडा, चारही बाजूंना पायऱ्यांची बैठक, म्हणजे खेळ किंवा नाटक पाहायची जागा. भारतात अशी वास्तू फारच दुर्मीळ. राजे वैदिक यज्ञ करीत आणि राजघराण्यातल्या स्त्रिया बौद्ध विहारांना दाने देत, असे तिथले शिलालेख सांगतात. महाचैत्य उभारला तो चांतिसिरीने. ती राजा वीरपुरुषदत्ताची आत्या आणि सासूही.

मला त्यांतला सर्वांत आवडतो तो बोधिसिरी नावाच्या उपासिकेचा लेख. ही राणी नव्हे. तिने चैत्यगृह बांधले आणि ते ताम्रपर्णीच्या, म्हणजे सिंहलच्या, आचार्यांना अर्पण केले. लेखात तिने आपल्या माणसांची नावे घातली आणि त्या आचार्यांनी धर्म पोचवलेले देशही सांगितले. काश्मीर, गांधार, चीन, तोसली, वंग, वनवासी, यवन, तामिळ मुलूख, आणि मध्येच अपरांत. अपरांत म्हणजे आपले कोकण. कृष्णेच्या खोऱ्यातल्या एका बाईच्या यादीत कोकण आहे, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो.

आणखी एक लेख आहे, अष्टभुजास्वामी या विष्णूच्या देवळाशी मिळालेला. तो इक्ष्वाकूंचा नाही, आभीर राजा वसुसेनाच्या तिसाव्या वर्षातला आहे. देवाची मूर्ती औदुंबराच्या लाकडाची होती असे त्याचे वाचन झाले आहे, आणि ती बसवणाऱ्यांत अवंतीचा शक, वनवासीचा सातकर्णी आणि संजयपुरीचे यवन राजे अशी मंडळी आहेत. हे आभीर मूळचे कुठले? त्यांचा दुसरा महत्त्वाचा लेख आहे नाशिकच्या पांडवलेण्यात. राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षात एका शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी श्रेणींकडे पैसे ठेवले. त्या श्रेणींत तेली होते, कुंभार होते आणि पाण्याची यंत्रे करणारेही होते. नाशिकचा लेख डोंगरात कोरलेला, त्याला पाण्याचे भय नाही. नागार्जुनकोंड्याचा लेख धरणाच्या पोटात गेला असता, तर आपल्याच महाराष्ट्राच्या इतिहासातला एक दुवा आपण गमावला असता.

तिथे छायास्तंभही निघाले. मेलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड. राजाचा आहे, सैनिकांचे आहेत, कारागिराचाही आहे. आपल्याकडच्या वीरगळांचे हे पूर्वज म्हणायला हरकत नाही.

मग सोडवणूक सुरू झाली. निवडक वास्तू विटा-दगडांसह उतरवून नागार्जुनकोंडा टेकडीच्या माथ्यावर आणि काठावर अनुपू इथे पुन्हा उभ्या केल्या. काहींच्या लहान प्रतिकृती केल्या. आखाडा अनुपूला गेला, घाट टेकडीवर गेला. १९६७मध्ये धरणाचे पाणी कालव्यांत सुटले तोपर्यंत दरी बुडाली होती आणि टेकडीचे बेट झाले होते. आज होडीने तिथे जाता येते, संग्रहालय पाहता येते. नदीपासून इतक्या उंचावरचा घाट पाहून काहीजण हसतात. मला त्यात हसण्यासारखे वाटत नाही. धरणाने आंध्र-तेलंगणाच्या लाखो एकरांना पाणी दिले. भुकेच्या काळात त्या पाण्याविरुद्ध बोलणे मला जमणार नाही. प्रश्न एवढाच की यादीत काय होते.

दरीत पुल्लारेड्डीगुडेम नावाची वस्ती होती. तिथली माणसे उठली. शेजारच्या गावांतलीही उठली. राजाचा छायास्तंभ टेकडीवर गेला, त्याचा मला आनंदच आहे. पण परवा-परवा मेलेल्यांच्या खुणा कोणी उतरवल्या?

हे मी विचारतो त्याला कारण आहे. माझे गाव भीमेच्या काठचे. उजनीचे पाणी चढले तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा होतो. मोजणीची माणसे आली, त्यांनी घरांचे खण मोजले, विहिरींची खोली मोजली, झाडे मोजली. आंब्याला वेगळा भाव, बाभळीला वेगळा. आमच्या कबरस्तानाची त्यांनी जमीन म्हणून नोंद घेतली, इतके गुंठे. कबरी मातीच्याच, त्यांना ना दगड ना नाव. त्यांचा नकाशा माझ्या दादीच्या डोक्यात होता. लिंबापासून सात पावलांवर तुझे परदादा, त्यांच्या पायथ्याशी माझी पोरगी, असे ती सांगायची. अब्बांनी मोजणीदाराला विचारले, "साहेब, हे लिहायचं नाही का?" त्याने तक्ता उलटा करून दाखवला. रकानाच नव्हता. तो माणूस वाईट नव्हता. त्याने आमच्या ओसरीवर चहा घेतला आणि शाळेची जागा जरा वाढवून लिहिली. मारुती वाजतगाजत बैलगाडीतून नव्या गावठाणात आला. वेशीतले दोन वीरगळ जड म्हणून राहिले. वरच्या आळीतल्या लिंगायतांची समाधीची जागा राहिली, महारवाड्याची मसणवट राहिली.

दुष्काळी उन्हाळ्यात उजनीचे पाणी खाली गेले की जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ उघडे पडते. वर्तमानपत्रांत फोटो येतात, लोक गाड्या करून पाहायला जातात. आमचेही काही उघडे पडते, पण ते चिखलाचे मैदान असते. लिंबाचे झाड नाही, आणि पावले मोजून दाखवणारी दादीही नाही. मी तिथे गेलो की खापरे दिसतात. काही आमच्या लहानपणच्या घागरींची, काही फार जुनी, बोटाने घासली की लाल रंग निघणारी. पाण्याने पांढर धुवून काढली आणि वरचा थर नि खालचा थर एका पातळीवर आणून ठेवला. पुरातत्त्वाच्या जाणकाराला आता त्यातून काळाचा क्रम लावता येणार नाही.

म्हणून पाहणी पाण्याआधी हवी, आणि पाहणी झाली की ती छापलीही जायला हवी. नागार्जुनकोंड्याचे उत्खनन १९६०मध्ये थांबले. त्याच्या सविस्तर अहवालाचा पहिला खंड १९७५मध्ये आला. ऐतिहासिक काळाचा, म्हणजे इक्ष्वाकूंच्या शहराचा, दुसरा खंड के. व्ही. सौंदर राजन यांच्या हातून पुरा होऊन प्रसिद्ध झाला तो २००६मध्ये. शेहेचाळीस वर्षे. मधल्या काळात खणणाऱ्यांपैकी कितीतरी लोक निवृत्त झाले, गेले. जागा पाण्याखाली, त्यामुळे शंका आली तर पुन्हा जाऊन पाहण्याची सोय नाही. कागद हीच आता ती दरी. अशा कागदाला शेहेचाळीस वर्षे लागू द्यावीत का, हे खात्याला विचारण्याचा हक्क वाचकाला आहे असे मी मानतो.

आणि कायदा? आपला १९५८चा स्मारकांचा कायदा संरक्षित स्मारकांचा आहे. २०१०मध्ये त्यात दुरुस्ती होऊन अशा स्मारकाभोवतीच्या शंभर मीटरांत नव्या बांधकामाला मनाई झाली, पुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते. चांगली गोष्ट आहे. पण ज्या पांढरीवर निळा फलक नाही, तिला हा कायदा ओळखत नाही. आणि नदीकाठच्या बहुतेक पांढरींवर असा फलक नाही.

हे सगळे जुन्या धरणांपुरते राहिलेले नाही. २००५, २०१९ आणि २०२१च्या पुरांनी कृष्णा आणि पंचगंगेच्या काठचे लोक हैराण झाले. पूरसंरक्षक भिंतींची मागणी होते, आणि ज्याच्या घरात छातीभर पाणी आले त्याने ती करावी यात नवल नाही. भिंत जरूर बांधा. फक्त आखणीच्या रेषेवरून आधी कोणी चालून येईल का? जवळच्या महाविद्यालयातली इतिहासाची पोरे, एखादा जाणकार, गावातली दोन म्हातारी माणसे, एक चाळणी. आणि तक्त्यात एक जास्तीचा रकाना, नाव नसलेल्या जागांसाठी.

पंचगंगेच्या काठावर कोल्हापुरात ब्रह्मपुरीचे टेकाड आहे. जुने कोल्हापूर तिथे वसले होते. १९४५-४६मध्ये सांकलिया आणि मो. ग. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले आणि सातवाहन काळातली वस्ती उजेडात आणली. त्याच टेकाडातून १९४०च्या दशकात काशाच्या वस्तूंचा एक साठा मिळाला, आणि त्यात पोसायडन होता, रोमन जगातून आलेला समुद्राचा देव. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात तो आहे. गेलात तर जरूर पाहा. लहान आहे, नीट शोधावा लागतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)